मुऐदरच्या मेहंदीत सलीम कोण?

जुन्या गाण्याला नवा ठेका दिला की ते जगतं, की त्याच्या जागी आपण दुसरंच काही उभं करतो? मला सांगता येत नाही. तरी हाच प्रश्न घेऊन मी रत्नागिरीहून कतारला निघाले.

माझी खाला, म्हणजे मावशी, तिथल्या मुऐदर वस्तीत राहते. तिच्या बैठकीच्या खोलीत दर शुक्रवारी कोकणी बायका जमून लग्नाची गाणी म्हणतात. तिचे यजमान, आमचे खालू, त्याला थट्टेने ‘क्लब’ म्हणतात. यंदा त्यांच्या मुलीचं, सनाचं लग्न. घरातली पहिली पदवीधर, त्यात संगणकावर गाणी जुळवणारी, म्हणून मेहंदीच्या गाण्याचं काम माझ्याकडे आलं. माझ्या बहिणीच्या लग्नात रेकॉर्ड केलेल्या बायकांच्या आवाजाखाली मी इलेक्ट्रॉनिक ठेका घातला होता. सनाच्या मैत्रिणी त्यावर नाचणार होत्या.

विमानतळावरून मेट्रो स्वस्त आणि चकाचक, पण मुऐदरला पोचायला पुढे टॅक्सी लागतेच. सामान जड असेल तर पहिल्यापासून टॅक्सीच करा. बिन महमूद भागात सनाबरोबर तिथला कडक, दुधाळ करक चहा प्यायले, बांगड्या पाहिल्या, पण लक्ष सगळं हेडफोनमध्ये.

शुक्रवारी गाणं लावलं. ढोलकी वाजवणाऱ्या हमीदाआपांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

“सनाचा नवरा इम्रान ना? सगळ्या पोरींचं लगीन तू एकाच सलीमशी लावतेस काय गो?”

बायका हसून लोटपोट. सलीम म्हणजे माझा मेहुणा, त्या बहिणीचा नवरा. त्या गाण्यात दर लग्नाला नाव बदलतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मी ते तसंच ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सलीमला कापून तिथे नुसता ठेका ठेवला. मेहंदीला बायकांनी त्या जागी इम्रानचं नाव घेतलं. मग खालाने, गाण्यात गेलेल्यांनाही बोलावतात तसं, सनाच्या वारलेल्या दादीचं नाव घ्यायला सुरुवात केली, आणि स्पीकरमधली पुढची ओळ त्यावरून धावत गेली. नाव अर्ध्यावरच राहिलं. सना ओल्या मेहंदीचे हात वर धरून माझ्याकडे वळली. “आपा, स्टॉप इट. लेट हर फिनिश.”

मी स्पीकर बंद केला. हमीदाआपांनी ढोलकी ओढली. गाण्यात दादी आली, चुलते आले, गावाकडची शेजारीणही आली. मैत्रिणी आधी गोंधळल्या, मग बेताल का होईना, नाचल्या.

रत्नागिरीला घरी बहीण म्हणते, नावांसाठीची जागा थोडी लांब ठेवायची होतीस. पण किती लांब? कुणाकुणाची आठवण येईल, हे आधी कसं कळणार?

गेल्या आठवड्यात आमच्या मोहल्ल्यात मेहंदी होती. स्पीकर नेला नाही. गिटार घेऊन बायकांच्या मधोमध बसले. नावं संपेचनात, बोटं शिवशिवत होती. मी तारांवर हात ठेवून थांबले.