डबीची उचकी

मावशी डबी कानाला लावायच्या. आमच्याकडे मीटर होते, लॅपटॉप होते, मावशींकडे उजवा कान होता. महाप्याच्या एका गाळ्यात आम्ही मोबाइलवरून घरातले दिवे-पंखे चालू-बंद करणारी डबी बनवायचो. तिच्या पोटात वायफायचा एक छोटा बोर्ड आणि चार रिले. रिले म्हणजे खटकाच. बोर्डाने हुकूम सोडला की आतली लोखंडी पट्टी ओढली जाते, ‘टिक’ होतं आणि दिवा लागतो. ती टिक ऐकून मावशी म्हणायच्या, “हा नको. याचा आवाज बसका हाय.” आम्ही हसत तो रिले बाजूला ठेवायचो. चार दिवस चालवून पाहिला की तो खरोखर अडकायचा.

त्या करावे गावच्या. नवरा खाडीत जायचा, सकाळची मासळी निवडून, टोपलीत लावून मग त्या कामावर यायच्या. आल्या की आधी लिंबाची फोड घेऊन बोटं चोळचोळून धुवायच्या. “मासलीचा हात लागला का सोल्डर धरत नाय,” असं त्यांचं म्हणणं. आधीची वीसेक वर्षं त्यांनी रिलेच बनवणाऱ्या एका कारखान्यात काढली होती. तो बंद पडला, तिथे आता कसलंसं गोदाम आहे. आमच्याकडे सोल्डर, म्हणजे कथील, वितळवून बोर्डावर जोड मारायचे आणि तयार डबी तपासायची, हे त्यांचं काम. त्यांच्या हातचा जोड चकचकीत आणि गोल असायचा. कुणी घाई केली की म्हणायच्या, “मासली विकताना घाई कर. जोडाला घाई करू नको.”

मी नुकताच इंजिनिअर झालो होतो आणि नाकाने कांदे सोलत होतो. बोर्डाचा नकाशा माझा, त्यातला प्रोग्रॅम माझा. मावशींना याचं भारी कौतुक. गॅसचा मेसेज असो, डॉक्टरची चिठ्ठी असो, त्या माझ्याकडे आणायच्या आणि मी जे सांगेन ते शेवटचं. इतर कुणी शंका काढली तर म्हणायच्या, “बाला बोलला ना? मंग झालं. शिकलेला हाय तो.” मला ते गोड वाटायचं. आता ते वाक्य आठवलं की माझी मलाच किळस येते.

एका दुपारी डबा खाता खाता त्या म्हणाल्या, “बाला, तुझ्या डबीला उचकी लागते.”

सगळे हसले. मी म्हटलं, “कोण आठवण काढतंय तिची?”

“ते मना काय ठाव? पन चालू केली का टिक-टिक-टिक करते, मंग गप. मधीच वायफाय गेला का परत तेच. दिवा कोनी लावलेला नाय, तरी लागतो नि विझतो.”

“मावशी, ते सॉफ्टवेअरचं असतं. तुम्हाला नाही कळायचं.”

पण मावशी एवढ्याने ऐकणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकामागून एक दहा डब्या टेबलावर मांडल्या आणि भिंतीवरचा राउटर बंद केला. ऑफिसात बोंबाबोंब झाली. दहाही डब्या टिकटिकायला लागल्या. “बघ,” त्या म्हणाल्या, “राउटर गेला का ही त्याला शोधते. शोधताना हिचा दम जातो, नि दम गेला का उचकी लागते.”

चार वर्षांच्या पदवीत मला कुणी इतकं सोपं समजावलं नव्हतं. त्या घरी गेल्यावर मी स्कोप लावून व्होल्टेजची रेघ पाहिली. अगदी तसंच होतं. वायफाय शोधताना बोर्ड एकदम जास्त करंट ओढायचा, आमचा स्वस्तातला पॉवर सप्लाय तेवढा द्यायचा नाही, व्होल्टेज खाली बसायचं आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. त्यात मी एक रिले बोर्डाच्या ज्या पिनवर जोडला होता, ती पिन सुरू होताना क्षणभर आपोआप जागी होते. हे त्या चिपच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं. मी ते पान वाचलं नव्हतं. पहिला अख्खा लॉट तयार होऊन पडला होता, आणि चूक कबूल करायची तर तो सगळा भंगारात. मी मूग गिळून बसलो. पुढच्या लॉटमध्ये गुपचूप सुधारू, असं ठरवलं.

त्याच आठवड्यात खांदेश्वरला एका बिल्डरच्या नमुन्याच्या फ्लॅटमध्ये आमच्या डब्या बसल्या. पाहुणे जमले, कुणीतरी राउटरची वायर काढून दुसरीकडे लावली आणि हॉलमधले दिवे भुताटकी झाल्यासारखे लागू-विझू लागले. बिल्डर हसला म्हणे. आमच्या साहेबांना ते हसू फार लागलं.

परत आल्या आल्या त्यांनी एक डबी फोडली, भिंग लावलं आणि एका जोडावर बोट ठेवलं. “हे बघा. ड्राय सोल्डर. वरून बसलेला, आतून सुटा. मावशी, डोळे गेले तुमचे.”

मावशींनी जोड पाहिला. “काला पडलाय साहेब, पन सुटा नाय. मी बालाला दाखवलंय कवा उचकी लागते ती. त्याला विचारा.”

साहेब माझ्याकडे वळले. “कोडमध्ये काही आहे का?”

मी म्हणालो, “कोडमध्ये काही नाही.”

हे खरं होतं. चूक पिनमध्ये होती, सप्लायमध्ये होती, कोड स्वच्छ होता. शिकलेल्या माणसाला खोटं बोलण्यासाठी खोटं बोलावं लागत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. त्या रागावतील, शिव्या घालतील, गाळा डोक्यावर घेतील असं मला वाटलं. गावच्या बायकांचा आवाज मी ऐकला होता. पण त्या हळूच म्हणाल्या, “बालानं तपासलंय? मंग माझाच हात चुकला असंल.”

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. साहेबांनी येऊ नका म्हणून कळवलं होतं.

नव्या लॉटमध्ये मी तो रिले दुसऱ्या पिनवर नेला, सप्लाय मोठा केला, एक कपॅसिटर जास्तीचा लावला. कारण विचारलं गेलं नाही आणि मी सांगितलं नाही. तक्रारी थांबल्या. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “पाहिलंत? हात बदलला आणि माल सुधारला.” म्हणजे माझ्या दुरुस्तीनेच मावशींवरचं खापर पक्कं झालं. माझी मात्र पाठ थोपटली गेली, टेबल खिडकीजवळ गेलं. तुमच्याही कारखान्यात अशी एखादी मावशी असेल आणि माझ्यासारखा एखादा हुशार मुलगाही असेल. त्या मुलाला तुम्ही लगेच ओळखणार नाही, कारण तो नेहमी खरंच बोलत असतो.

परवा, इतक्या वर्षांनी, सीवूड्सला मासळी घ्यायला गेलो. विकणाऱ्या बायकांच्या ओळीत तिसऱ्या मावशी होत्या, समोर कोलंबी आणि एक मोठा जिताडा. मी मागे फिरणार होतो, तेवढ्यात हाक आली, “बाला! किती बारीक झालास रं!”

लग्न झालं का, घर घेतलं का, सगळं विचारून झालं. मी म्हटलं, “मावशी, तेव्हा ते जे झालं...”

“ते जाऊ दे,” त्या म्हणाल्या आणि नाकावरचा जाड काळ्या काड्यांचा चष्मा बोटाने वर सारला. “डोले तपासून आले मी. डॉक्टर बोलला, नजर चांगली हाय, चष्मा नको. मीच बोल्ले, नाय, द्या. आमच्या बालानं तपासलंय, चूक माझीच निघाली. तो कशाला खोटं बोलल?”

त्यांनी जिताडा माझ्यापुढे सरकवला. मागे गिऱ्हाईक उभं होतं, घाई करत होतं. सांगायला एवढंसं वाक्य होतं.

“छान दिसतो चष्मा, मावशी,” मी म्हणालो.