मयताच्या नंबरवरून येणारा फोन

नोकरीतली बहुतेक प्रकरणे मी विसरलो. हे एक विसरता येत नाही, आणि खरे सांगायचे तर विसरावे असे वाटतही नाही.

निवृत्तीला दोनेक वर्षे उरली होती. नवी मुंबईतल्या एका ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी झाली, स्टेशन डायरी पाहून झाली आणि मी चहाचा कप हातात घेतला, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला.

“साहेब, एक सिनियर सिटिझन आलेत. म्हणतात, मेलेला माणूस फोन करतो.”

असल्या तक्रारी आम्हाला नवीन नाहीत. एकट्या राहणाऱ्या माणसांना काय काय भास होतात. पण आत आलेले गृहस्थ तसे वाटले नाहीत. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, बोलणे मुद्देसूद. निवृत्त प्राध्यापक होते. खारघरच्या एका उंच इमारतीत चौदाव्या मजल्यावर पत्नीसह राहायचे आणि घरातूनच एक व्हिडिओ चॅनल चालवायचे. कुठला सिनेमा बंद करावा, तरुणांनी आठवड्याला किती तास काम करावे, खेळाडूने मैदानात कसे वागावे, सवलती कोणाला द्याव्यात. ज्यावर वाद चालू असेल त्यावर दुसऱ्या दिवशी यांचे मत तयार. ऐकणारे हजारो.

“मी अंधश्रद्धाळू नाही, साहेब,” ते म्हणाले. “त्या विषयावरही माझा व्हिडिओ आहे. पण हा फोन रोज येतो. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. कुणी बोलत नाही. नुसतं ठोकल्यासारखा आवाज येतो.”

“नंबर कोणाचा?”

त्यांनी मोबाईल पुढे केला. अनोळखी नंबर कोणाचा ते दाखवणारे ॲप त्यात होते. पडद्यावर एका पुरुषाचे नाव होते.

“हा माणूस आठ महिन्यांपूर्वी वारला. कारखान्यातली सांडपाण्याची टाकी साफ करताना. त्याच्यावर मी एक व्हिडिओ केला होता.”

व्हिडिओ मी नंतर पाहिला. शीर्षक होते, ‘दारू पिऊन टाकीत उतरायचे आणि न्याय मागायचा?’ कामगार संघटनेने तेव्हा मोर्चा काढला होता, त्यावर प्राध्यापकांचे मत. जबाबदारी कोणाची, दरवेळी मालकच कसा दोषी, वगैरे. बोलले मात्र उत्तम होते.

“नंबर ब्लॉक का नाही केलात?” मी विचारले.

“दोन दिवस केला होता. दोन वाजत आले की हातपाय गार पडायचे. फोन येतोय आणि मला कळत नाहीये, असं वाटायचं. तिसऱ्या दिवशी मीच ब्लॉक काढला.”

दुसऱ्या दिवशी त्यांना पावणेदोनला ठाण्यात बोलावले. माझ्या केबिनमध्ये मी, ते आणि आमच्या महिला हवालदार. हवालदारबाई इथल्याच खाडीकाठच्या गावच्या, वीस वर्षे नोकरी झालेली, सहसा न घाबरणारी बाई. फोन टेबलावर ठेवला. दोन दहाला तो वाजला. मी स्पीकर लावला.

आधी काहीच नाही. वाऱ्याचा घोगरा आवाज. मग ठक, ठक, ठक. लोखंडावर दगड आपटावा तसा, पण खालून पोकळी असल्यासारखा घुमणारा. थोडी विश्रांती, पुन्हा तीनदा. असे बराच वेळ चालले. मग ठोके लांबत गेले. तीनाचे दोन झाले. दोनाचा एक. एकदा इतका वेळ शांतता पसरली की संपले असे वाटले, आणि तेवढ्यात अगदी हलका, शेवटचा एक ठोका आला. फोन बंद झाला.

मी लगेच उलटा फोन लावला. स्विच ऑफ.

“साहेब, ह्ये काय बरोबर नाय,” हवालदारबाई हळूच म्हणाल्या.

मी रीतसर पत्र देऊन त्या नंबरचा कॉल तपशील मागवला. तो आल्यावर माझी आधीची समजूत गळून पडली. मला वाटले होते, कोणीतरी तो नंबर नव्याने घेतला असेल. तसे नव्हते. सिमकार्ड मयताच्याच नावावर. हँडसेटही त्याचाच, तो जिवंत असताना वापरायचा तोच. फोन दिवसभर बंद. दुपारी दोनच्या सुमारास सुरू व्हायचा, एकच कॉल व्हायचा आणि पुन्हा बंद. आणि टॉवर होता औद्योगिक पट्ट्यातला, तो मेला त्या कारखान्याला लागून असलेला.

मग मी त्या हद्दीच्या ठाण्यातून आकस्मिक मृत्यूचे मूळ कागद मागवले. संध्याकाळी फाईल आली. पहिल्या पानावर घटनेची वेळ होती, चौदा वाजून दहा मिनिटे.

पंचनाम्यात अंगावरच्या वस्तूंची यादी होती. करदोडा, बनियन, खाकी पँट, खिशात रुमाल. मोबाईल नव्हता. सुपरवायझरचा जबाब असा: मी जेवायला बाहेर गेलो होतो, मयत कोणालाही न विचारता स्वतःहून टाकीत उतरला, त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. पुढे चौकशी अधिकाऱ्याचा अभिप्राय, ‘कोणाविरुद्ध संशय नाही, मृत्यू मयताच्या निष्काळजीपणामुळे.’ त्याखाली ‘सहमत’ असा शेरा आणि सही.

सही माझी होती.

आधी मी त्याच ठाण्यात होतो, आणि टाक्यांतले मृत्यू त्या पट्ट्यात नवे नव्हते. सही तिथून माझी बदली होण्याच्या आधीच्या आठवड्यातली. बदलीच्या घाईत प्रलंबित कागद उपसताना मी ती केली असणार. मला त्या माणसाचे नाव आठवत नव्हते, चेहरा आठवत नव्हता, फाईल हातात घेतल्याचेही आठवत नव्हते. मी पाने उलटत गेलो. शेवटी, टाचणीने कसेबसे अडकवलेला, प्रयोगशाळेचा व्हिसेराचा अहवाल होता. मद्याचा अंश आढळून आला नाही. त्यावरची तारीख माझ्या सहीच्या आधीची होती.

फोन प्राध्यापकांना येत होता. पण मला राहून राहून वाटत होते की चुकीच्या माणसाला लागतोय.

दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत हवालदारबाईंना घेऊन त्या कारखान्याच्या मागे गेलो. एका बाजूला कंपाऊंडची भिंत, दुसऱ्या बाजूला उभे ट्रक, मधून सांडपाण्याची भूमिगत लाइन. भरदुपारी तिथे चिटपाखरू नव्हते. ट्रकच्या आडोशाला आम्ही उभे राहिलो. रासायनिक वास घशात बसत होता.

दोन वाजून पाच मिनिटांनी हवालदारबाईंनी माझा हात दाबला. “साहेब, कोनतरी हाय.”

पलीकडच्या पॅकिंगच्या कारखान्याच्या गेटमधून एक बाई येत होती. तिशीची असेल. अंगात कंपनीचा निळा कोट, हातात डब्याची पिशवी. भिंतीजवळच्या चेंबरच्या लोखंडी झाकणापाशी ती बसली, घरच्या ओट्यापाशी बसावी तशी सहज. पिशवीतून मोबाईल काढला, सुरू केला, नंबर लावला आणि झाकणावर ठेवला. मग दगड उचलला.

मी तिला थांबवायला हवे होते. थांबवले नाही. पूर्ण होऊ दिले. शेवटच्या ठोक्याच्या आधी ती किती वेळ थांबते, ते मी या वेळी समोरून पाहिले. ती डोळे मिटून मोजत होती.

आम्ही जवळ गेलो. मी ओळखपत्र दाखवले. ती घाबरली नाही.

“आलात व्हय,” एवढेच म्हणाली.

ठाण्यात आणून महिला कक्षात बसवले. हवालदारबाईंनी चहा मागवला. ती मयताची पत्नी होती. मराठवाड्यातून दोघे आलेले, दिघ्याला खोली. तो गेल्यावर तिने मुद्दाम त्याच भागात काम धरले होते. मोबाईल पंचनाम्यात का नव्हता तेही कळले. टाकीत उतरताना त्याने तो वर डब्याच्या पिशवीत ठेवला होता, आणि पिशवी तिसऱ्या दिवशी गेटवरून तिच्या हातात दिली गेली होती.

मी विचारले, “तुम्हाला त्या प्राध्यापकांना घाबरवायचं होतं का?”

“न्हाई सायेब. घाबरवून काय मिळनार?”

“मग?”

“आमच्या ह्यांच्यासंगं टाकीवर येक मानूस व्हता. गावाकडं निघून जायच्या आदी त्यानं मला सांगितलं, तुझा नवरा आतून शिडी वाजवत व्हता. वरच्यांना वाटलं, काम करतोय.” ती थांबली. “मी त्याला दहा येळा इचारलं, किती वाजवलं, कसं वाजवलं. त्यानं करून दावलं. मग त्या मास्तरचा व्हिडिओ शेजारच्या पोरीनं दाखवला. त्यात फोन नंबर व्हता, तुमचं मत कळवा म्हनून. आता मी काय मत कळवू? मला त्यांच्यासारखं बोलता येत न्हाई. म्हनलं, आमच्या ह्यांनी जेवढं वाजवलं तेवढं तरी ऐका.”



तक्रार अदखलपात्र होती. समज देऊन सोडण्यासारखी. पण खात्री म्हणून हवालदारबाईंनी मोबाईल तपासायला घेतला, कॉलच्या नोंदी पाहिल्या, आणि एकदम म्हणाल्या, “साहेब, यात सगले कॉल रेकॉर्ड व्हतान.”

काही स्वस्त फोनमध्ये ती सोय आपोआप चालू असते. मालकालाही कळत नाही. बाईच्या रोजच्या कॉलच्या आधीचे, त्याचे स्वतःचे शेवटचे रेकॉर्डिंग घटनेच्या दिवशीचे होते, एक चाळीसचे. बाईला त्याची कल्पना नव्हती. तिला फोन सुरू करता यायचा आणि नंबर लावता यायचा, एवढेच. आम्ही तिला आधी विचारायला हवे होते. हवालदारबाईंचे बोट पडद्यावर पडले आणि आवाज सुरू झाला.

“सायेब, वास लई बेकार हाय. आदी आत हवा तरी सोडा. मास्क कुठंय?”

तो आवाज खोलीत आला तशी ती बाई खुर्चीवरून उठून उभी राहिली आणि तिने डोक्यावर पदर घेतला. बाहेरून नवरा घरात यावा तशी. ती दाराकडे बघत होती.

फोनच्या दुसऱ्या टोकाचा आवाज सुपरवायझरचा. “अरे, मास्क स्टोअरला. स्टोअरवाला जेवायला गेलाय. टेन्शन कशाला घेतो? पाच मिनिटाचं काम आहे. उद्या तपासणीवाले येणार.”

“पंप लावून मग उतरतो ना सायेब.”

“उतरतोस का दुसऱ्याला सांगू? मग उद्यापासून गेटवर यायचं नाही.”

मधे थोडी शांतता. मग, “उतरतो.”

बस एवढेच.

बाई कितीतरी वेळ उभीच होती. हवालदारबाईंनी तिला धरून खाली बसवले.

त्या संध्याकाळी मी वरिष्ठांना लेखी अहवाल दिला. त्यात पहिले वाक्य असे लिहिले की सदर प्रकरणात मी दिलेली सहमती कागद न वाचता दिलेली होती. माझ्याकडून खुलासा मागवण्यात आला. तो मागवायलाच हवा होता. मोबाईल जप्त झाला, आवाजाचे नमुने जुळले, गावी गेलेल्या त्या कामगाराचा जबाब नोंदवला गेला. सुपरवायझर आणि ठेकेदार यांच्यावर गुन्हा दाखल झाला, अटक झाली.

प्राध्यापकांना बोलावून मी सगळे सांगितले. रेकॉर्डिंग तपासाचा भाग असल्याने ऐकवता आले नाही, पण त्यात काय आहे ते सांगितले. ते खाली मान घालून बसले. मग म्हणाले, “साहेब, मी माझ्या मनाचं काही बोललो नव्हतो. पोलिसांच्या कागदात आलं तेच बोललो.”

“माहीत आहे,” मी म्हणालो.

त्यांनी व्हिडिओ काढून टाकला. माफी मागितली नाही, निदान चॅनलवर तरी नाही. तो व्हिडिओ तोवर इतरांनी उतरवून घेतला होता आणि अजूनही फिरतो, असे ऐकतो. काही दिवसांनी ते बाजारात भेटले. मी विचारले, आता त्रास नाही ना? म्हणाले, “फोन बंद झाला. पण दुपारी ती वेळ आली की मी हातातलं ठेवतो आणि बसतो. बायको म्हणते, कुणाची वाट बघताय?”

लोक मला विचारतात, इतक्या वर्षांच्या नोकरीत काय शिकलात? गुन्हेगारांबद्दल मी थोडेफार शिकलो, त्यात विशेष काही नाही. या प्रकरणाने मला माझ्याबद्दल शिकवले. आम्ही ठाण्यात बसून एक ओळ लिहितो. ती ओळ बातमी होते, बातमीवर कोणी मत देतो, मताला हजार लोक माना डोलावतात, आणि एका मेलेल्या माणसाला दारुडा ठरवून सगळे जेवायला बसतात. यात खोटे बोलणारा एकच असतो. बाकी आम्ही सगळे फक्त पुढे पाठवतो.

निवृत्तीनंतर साक्षीला मला कोर्टात जावे लागले. बचावाच्या वकिलांनी विचारले, “तेव्हा सहमत होतात, आता नाही. मग नेमकं खरं केव्हा?” मी म्हणालो, “तेव्हा मी वाचलं नव्हतं.”

बाहेर व्हरांड्यात ती बाई उभी होती. खटला चालूच होता, अजूनही आहे. तिने विचारले, “सायेब, त्या फोनमदला त्यांचा आवाज मला परत मिळंल का? येकदाच ऐकलाय.”

मी सांगितले, मुद्देमाल खटला संपेपर्यंत मिळत नाही. प्रत मिळते का ते कोर्टाला विचारता येईल, त्यासाठी अर्ज द्यावा लागेल. तिथल्याच बाकावर बसून मी अर्ज लिहायला घेतला. पुरा झाल्यावर तिला पहिल्या शब्दापासून वाचून दाखवला. ती लक्ष देऊन ऐकत होती. मधेच म्हणाली, “सायेब, सारखं मयत, मयत काय लिवलंय? नाव लिवा की त्यांचं.”

मी कागद फाडला आणि नावानिशी नवा लिहिला.