गाठ मारलेला घास

आमच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीला पन्नी म्हणतात. शब्द कसा हलका, फुंकर मारली तर उडेल असा. मला आता तो जड जातो.

मोताळ्यात आमचं घर बाजाराच्या मागच्या अंगाला. दावणीला एक गाय, तेव्हा गाभण. आठवडी बाजार उठला की मी तिला मोकळी सोडायचो. पडलेला भाजीपाला खाऊन ती परतायची आणि चारा वाचला म्हणून मी खूश. ही दीडशहाणी अक्कल माझीच. शिवाय गल्लीतल्या बायका गाईचा घास ठेवायच्या. शिळी पोळी, अमावस्येचा नैवेद्य, सगळं पन्नीत घालून वर घट्ट गाठ. का, तर मुंग्या लागू नयेत, कुत्र्यानं तोंड घालू नये. पुण्य कसं ताजं राहायला हवं ना!

एक दिवस तिनं रवंथ सोडला. डावी कूस टम्म फुगली. आम्ही ओवा पाजला, तेल पाजलं. शेवटी गुरांचे डॉक्टर आले. म्हणाले, "पोट उघडावं लागेल. ही वाचली तर वासरू वाचेल."

उभ्या गाईची कूस बधिर करून चिरली. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत गेला आणि पन्न्यांचे पीळच्या पीळ बाहेर येऊ लागले. गुटख्याच्या पुड्या, ठिबकच्या नळीचे तुकडे, नायलॉनची दोरी. वास असा की शेजारी भिंतीशी जाऊन ओकले. गवत पोटात गेलं की त्याचं दूध होतं; या घाणीचा रंगही उडाला नव्हता. एका पन्नीची गाठ तशीच होती. डॉक्टरांनी ती कापली. आत काळी पडलेली पोळी, चौघडी न मोडलेली. पुण्य कुणाला लागलं कोण जाणे, घास मात्र गाईला लागलाच नव्हता.

मग दोरीला बांधलेला लोहचुंबक आत सोडला. खिळे, हूक, पिना चिकटून आल्या. तांब्याची तार चुंबकाला दाद देत नाही, ती बोटांनी चाचपून काढली. लोखंडाच्या एका तारेचं टोक मात्र बोटाला लागत होतं, पण ती हाती येईना.

"ती पोट-छातीमधला पडदा फोडून काळजाकडे गेलीय," डॉक्टर म्हणाले. "पन्नी नुसती अडून बसते. तार वाट काढते." मग त्यांनी टाके घातले.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. मी हट्टानं सगळा ढीग धुऊन ठेवला होता. त्यानं खिळे उचलले, तांबं निराळं बांधलं.

"हे कितीबी डाव वितळवा, तांबं तांबंच राह्यते."

नळीचा तुकडा त्यानं बादलीत टाकला. तो तरंगला. "तरंगते ते चालते. वितळवून याचे दाने बनतात." पन्न्या त्यानं पायानं सारल्या. "ह्या कोनी घेत नाही, भाऊ. दहा जातीच्या, त्यात मळल्या. कोन निवडत बसंन?"

"मंग ह्या जातात कुठं?"

"जातात कुठं? अठीच राह्यतात."

चौथ्या दिवशी गाय गेली, वासरू पोटात घेऊन. मला रडू आलं, पण त्याहून जास्त किळस आली, आमची सगळ्यांची.

गाय पुरताना खड्ड्यात मीठ घालतात. बायकांनी हळद-कुंकू वाहिलं, काही हुंदके देत होत्या. माणसांनी मिठाच्या पन्न्या दातांनी फाडल्या, मीठ ओतलं आणि रिकाम्या पन्न्या तिच्याच अंगावर टाकल्या. मी खड्ड्यात उतरलो.

"काऊन बे उतरला?" काका ओरडले.

"पन्न्या काढून राह्यलो."

"राहू दे ना बे! सारी मातीच होते."

मी वाकलो. टाके घातलेल्या कुशीवरची पन्नी उचलली, पायांतली उचलली, शिंगाखालची उचलली. वर आलो तेव्हा सगळे फावड्यांनी माती लोटायला लागले होते. मी दोन्ही मुठींत पन्न्या धरून उभा होतो, आणि त्या टाकायला मला अख्ख्या गावात एक जागा आठवेना.