जहाजाच्या वहीतले शनिवार

कुठेतरी नुसता वेळ घालवायला जावं आणि परतताना गोष्टीच गोष्टी गोळा झालेल्या असाव्यात, असं होतं कधीकधी! माझं झालं ते न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या एका छोट्या म्युझियमच्या मागच्या खोलीत. नव्वदच्या दशकात मी तिथे फार्मसिस्ट होते, एकटी. नवरा आणि मुलगी पुण्यात, व्हिसाची वाट बघत. शनिवारी दुपारी गाव इतकं सामसूम व्हायचं की स्वतःच्या जँडल्सचा, म्हणजे तिथल्या रबरी चपलांचा, आवाजसुद्धा सोबत वाटायचा.

जॉइसबाई, रिटायर्ड शिक्षिका, औषधं घ्यायला आल्या होत्या. डॉक्टरांची चिठ्ठी मी घडाघडा वाचलेली बघून ओरडल्याच, "हे वाचता येतं तुला? मग शनिवारी म्युझियममध्ये ये!"

*

म्युझियममध्ये व्हेलची शिकार करणाऱ्या एका जहाजाची वही होती, दीडएकशे वर्षं जुनी. कप्तानाच्या हाताखालचा मेट रोज त्यात लिहायचा. ते गिचमिड अक्षर आम्ही लावायचो, जॉइसबाई टाइप करायच्या. तिसरा ब्रूस. गायी पाळणारा, बायको वारलेली, दुपारभरात जेमतेम दहा शब्द बोलणारा.

पहिल्या दिवशी मी वाचलं, "व्हेल नाही." पुढचं पान, "व्हेल नाही." अशी एक्केचाळीस पानं!

ब्रूस म्हणाला, "गायी बऱ्या. आपल्या आपण घरी येतात."

*

एकदा नोंद निघाली, "वारा नैर्ऋत्य, जोराचा. पाऊस. एक खलाशी डोलकाठीवरून समुद्रात पडला. बोट सोडली, सापडला नाही. व्हेल नाही."

"आधी वारा, मग माणूस!" मी चिडले.

दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन लावला. इथे वारा फार आहे, पाऊस थांबत नाही, हीटर लावलाय, मी बोलतच होते.

नवरा म्हणाला, "अगं, हवा कळली. तू कशी आहेस?"



*

पुढे जहाज एका उपसागरात थांबलं, तिथल्या मूळ रहिवाशांकडून, माओरींकडून, बटाटे घेतले. मेटने लिहिलं, "सगळे खूश." अख्ख्या वहीत ही एकच खुशी! पुढच्या शनिवारी ब्रूसने पोतंभर बटाटे आणले. मी झणझणीत भाजी करून नेली. तो दोनदा वाढून घेऊन घाम पुसत म्हणाला, "स्वीट ॲज." म्हणजे तिकडच्या बोलीत, एकदम झकास. डोळ्यांतून घळाघळा पाणी!

*

आणि एक शनिवार. मेटला समुद्रात दुसरं जहाज भेटलं, बायकोची तीन पत्रं मिळाली. "दोन वाचली. तिसरं केप हॉर्नसाठी ठेवलं." आम्ही वाचत वाचत केप हॉर्नपर्यंत, दक्षिण अमेरिकेच्या त्या वादळी टोकापर्यंत गेलो, पुढेही गेलो. ते पत्र उघडल्याची नोंद कुठेच नाही.

"माझ्याकडेही आहे एक," ब्रूस म्हणाला. "बायकोने, मार्गरेटने, हॉस्पिटलमध्ये लिहिलेलं. चार वर्षं झाली. उघडवत नाही."

 मग जॉइसबाई म्हणाल्या, "जा, घेऊन ये."

अर्ध्या तासाने ब्रूसचा ट्रक परत आला. तो आत येऊन बसला आणि पाकीट त्यांच्यासमोर सरकवलं. "तूच वाच."

जॉइसबाईंनी ते फोडलं, चष्मा सारखा केला आणि पत्राची पहिली ओळ वाचली.

"ब्रूस, हे वाचायला बसण्याआधी गमबूट बाहेर काढून ये."

ब्रूसने खाली पाहिलं. चिखलाचे ठसे दारापासून खुर्चीपर्यंत आले होते. तो उठला, बाहेर गेला, बूट काढले आणि मोज्यांनी चालत परत येऊन बसला.

"हं," तो म्हणाला. "पुढे?"