मोजणीदार अप्पा आणि हरवलेले अकरा फूट

मोजणीदार अप्पा कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी भिंतीकडे बघत. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत नजर फिरवत आणि मग खुर्ची ओढत म्हणत, "साडेदहा." आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा "अकरा" म्हणाले. माझा स्वभाव असा की आकडा ऐकला की पडताळून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. ते गेल्यावर मी शिवणाच्या फितीने भिंत मोजली. अकरा फूट आणि अर्धा इंच भरली. तो अर्धा इंच मी दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितला, तर खूश झाले. "मोजं ना? मंग चालीन."

हे "मोजं का?", म्हणजे मोजलं का, त्यांच्या तोंडात कायम असे. बाजारात केळी महाग झाली म्हणा, खापर गावचा रस्ता खराब झाला म्हणा, अमक्याची सून फार बोलते म्हणा, अप्पांचा प्रश्न ठरलेला. गल्लीतली माणसं त्यावर हसत. मी हसत नसे. शाळेच्या कार्यालयात लिपिक म्हणून माझी एकवीस वर्षं गेली आहेत, आणि न मोजता लिहिलेला आकडा काय गोंधळ घालतो ते मी रोज पाहते.

ते भूमी अभिलेख खात्यात तीस वर्षं मोजणीदार होते. त्यातली बरीच वर्षं सातपुड्यात गेली. तळोद्याहून जीपने जायचं, जीप थांबेल तिथून पायी. मालक हजर नसताना मोजणी करायची नाही, हा त्यांचा नेम. एकदा काठी गावाजवळच्या एका पाड्यात होळीच्या दिवसांत गेले, तर सगळा पाडा होळीला. साहेबांचा निरोप आला की उरकून या. अप्पा दोन दिवस एका झाडाखाली बसून राहिले. लोक परतले, झोप काढून उठले, तेव्हा मोजणीची साखळी पसरली. "त्यासनी जमीन, त्यासले दिसाले पाहिजे," असं ते सांगत. या उशिराबद्दल त्यांना कार्यालयाचा मेमो मिळाला होता. तो त्यांनी जपून ठेवला होता आणि चहाला आलेल्या माणसाला दाखवत.

माझा आणि त्यांचा खरा संबंध आला तो घरपट्टीमुळे.

दर चार वर्षांनी नगरपालिका घरांची नव्याने आकारणी करते. त्या खेपेला मोजणीचं काम बाहेरच्या एका एजन्सीकडे होतं. त्यांची माणसं आली तेव्हा मी शाळेत होते, नवरा साखर कारखान्यात. घरी सासूबाई एकट्या. दिवस मिरचीचे होते. आमच्या गल्लीत पाच घरं मिळून वर्षाची मिरची एकदम घेतात आणि आमची गच्ची मोठी म्हणून ती आमच्याकडे वाळते. मग पाच घरच्या बायका बसून देठ खुडतात, मिरची पोत्यांत भरतात, आणि कांडपाची पाळी येईपर्यंत पोती आमच्या पुढच्या खोलीत उभी असतात. एजन्सीच्या माणसाने लाल गच्ची पाहिली, सात पोती पाहिली आणि विचारलं, हा माल कुणाचा? सासूबाईंनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "आखी गल्लीनी मिरची शे भाऊ! आठेच, आमना घरमाच ऱ्हास दर साल!" त्याने लिहिलं: वापर बिगरनिवासी, गोदाम.

नोटीस आली तेव्हा मी ती उभ्यानेच वाचली. मग बसून वाचली. जुनी घरपट्टी वर्षाला दोन हजार एकशे ऐंशी. नवी नऊ हजार चारशे साठ. हरकत घ्यायला तीस दिवस.

चूक उघड होती. पण हरकत घ्यायला माझं मन धजेना, कारण त्याच नोटिशीत दुसरी एक चूक होती आणि ती आमच्या फायद्याची होती. घरामागे आम्ही दोन वर्षांपूर्वी एक पत्र्याची खोली बांधली होती. सासूबाई जिन्यावरून पडल्या, वरच्या खोलीत चढणं बंद झालं, तेव्हा घाईने बांधली. परवानगी घ्यायची राहिली. राहिली म्हणजे घेतली नाही. मागचं दार लोटलेलं होतं, त्यामुळे ती खोली एजन्सीच्या माणसाला दिसलीच नव्हती. हरकत घेतली की पुन्हा पाहणी होणार, पुन्हा फीत फिरणार. दंड होईल म्हणून कुणी सांगे, कुणी म्हणे पाडायचीच नोटीस येते.

नवरा म्हणाला, "भरी टाक ना. हरकत लिशी ते त्या परत येतीन, मांगली खोली देखतीन. मंग आईले कोठे ठेवशी?"

त्याचं चुकत नव्हतं. मी कागदावर दोन्ही बाजू मांडल्या. गप्प बसलं तर वर्षाला सात हजार दोनशे ऐंशी जास्त, चार वर्षं. हरकत घेतली तर काय, याचा आकडाच मला माहीत नव्हता, आणि ज्याचा आकडा माहीत नाही त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. आठ दिवस मी जेवताना, टाईप करताना, भाजी निवडताना हेच करत होते. शाळेत एका दाखल्यावर मी मुलाच्या जन्मसालाच्या जागी ९४६० लिहिलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी मला घरी पाठवलं. घरी न जाता मी अप्पांकडे गेले.

नोटीस त्यांनी दोनदा वाचली. "वापर खोटा लिखेल शे. माप बी देखनं पडी," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला लोखंडी फीत नि वही घेऊन आले. फितीचं दुसरं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. नवऱ्याच्या नाही, कारण घर माझ्या नावावर आहे. आधी बाहेरची बाजू मोजली. मग पुढची खोली अकरा, मधली दहा, स्वयंपाकघर सात. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी मी फितीचं टोक सोडून दिलं.

"हाई दार कोठे जास?" त्यांनी विचारलं.

"मागे. न्हाणीकडे," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, ओट्यावर बसून बेरीज केली, पुन्हा केली. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बाई, बाहेरथून बेचाळीस शे. मजारमा भिंती धरीसन एकतीस. अकरा फूट कोठे गयात?"

मला कुठे तोंड लपवू असं झालं. तेवढ्यात दारामागून सासूबाईंचाच आवाज आला, "कोन, अप्पा का? या, बठा. पोरी, चहा मांड ना!" अप्पांनी दार ढकललं. आत सासूबाई पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. अप्पांनी आधी खोलीकडे पाहिलं, "दहा बाय अकरा" म्हणाले, आणि मग त्यांच्या पायाची चौकशी केली.

चहा पिताना मी त्यांना सगळं सांगितलं. "माले भ्याव वाटस अप्पा. खोली वगळीसन नकाशा द्या ना."

त्यांनी बशी खाली ठेवली. "अर्धी मोजणीवर मी तीस वरीसमा सही करेल नही. पन तुन्हं घर शे, तुन्ही सासू शे. तुले नको व्हई ते हाई कागद फाडी टाक. मन्हा राग नही." नकाशा त्यांनी पुरा काढला होता, मागच्या खोलीसकट. तो टेबलावर ठेवून ते गेले.

मी तो फाडला नाही आणि नेऊनही दिला नाही. तो डब्यांच्या मागे ठेवला. पंधरा दिवस राहिले, दहा राहिले, चार राहिले. अप्पा रोज गल्लीतून दुधाला जात, माझ्याकडे बघून "चहा पिना का?" विचारत. नकाशाचं नाव काढत नसत. त्यांनी एकदा टोचलं असतं तर मला त्यांच्यावर रागावता आलं असतं. ती सोय त्यांनी मला दिली नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी अर्ज लिहायला बसले. पहिल्या परिच्छेदात मिरची: पाच घरांची नावं, कुणाची किती किलो, पाच बायकांपैकी चौघींच्या सह्या. एकीचा अंगठा. दुसऱ्या परिच्छेदात मागची खोली: माप, बांधल्याचं साल, परवानगी घेतलेली नाही. सोबत अप्पांचा नकाशा. अर्ज दोनदा लिहावा लागला. नवऱ्याने तो वाचला आणि म्हणाला, "आते व्हई ते व्हई."

सुनावणीला अप्पा टोपी घालून माझ्याबरोबर आले. नगरपालिकेच्या व्हरांड्यात तासभर बसलो. ओळखीचा एक दुकानदार त्यांना चिडवायला आला, "काय अप्पा, आते मिरचीनी मोजणी करी ऱ्हायनात का?"

"नही रे. तुन्ही जीभ मोजाले उनू. लांबी जास्त शे."

व्हरांडा हसला. मला हसू येईना.

आत अधिकाऱ्यांनी अर्ज चाळला. "मिरचीचं समजलं. पण ही मागची खोली? ती आमच्या नोंदीतच नाही. तुम्ही स्वतःहून कशाला लिहिलीत?" मी अप्पांकडे पाहिलं. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते, जणू मला ओळखतच नाहीत. तेव्हा मीच बोलले. "साहेब, मिरची खायची आहे, विकायची नाही, हे तुम्ही माझ्या शब्दावर मानायचं. मग माझ्याच कागदात खोली लपवलेली कशी चालेल?" आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी मला पुन्हा बोलायला लावलं. दुसऱ्यांदा तेच वाक्य म्हणणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं.

त्यांनी शेरा मारला: स्थळपाहणी करून निर्णय. बाहेर आल्यावर अप्पा एवढंच म्हणाले, "आवाज कमी शे तुन्हा. बाकी ठीक."

ते आमचं एकत्र शेवटचं काम. महिनाभरात त्यांच्या छातीत दुखलं, मुलगी येऊन त्यांना सुरतला घेऊन गेली. स्थळपाहणीला अभियंता आला तेव्हा फितीचं टोक धरायला मी एकटी होते. अप्पा परत आले नाहीत. अप्पा गेल्याचा त्यांच्या मुलीचा फोन आला आणि त्यानंतर अकराव्या दिवशी आमचा निकाल पोस्टाने आला. कुणाला दाखवावा हे मला कळेना. मी तो घेऊन त्यांच्या कुलूप लावलेल्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

निकाल असा: वापर निवासी. मागची खोली आकारणीत धरली, मागच्या दोन वर्षांच्या फरकासह. बांधकाम रीतसर नियमित करून घ्यावे. खोलीमुळे वर्षाला पाचशे नव्वद रुपये जास्त. नियमित करण्याचं प्रकरण अजून नगरपालिकेत आहे, आणि टपालवाला हाक मारतो तेव्हा अजूनही मी आधी पाकिटावरचा शिक्का पाहते. नवरा पट्टी भरायला जाताना दर वर्षी म्हणतो, "अप्पासना पाचशे नव्वद काढ." मी काढून देते.

खोली नोंदीत नव्हती ती दोन वर्षं मी काय करत होते, ते मी अप्पांना कधी सांगितलं नाही. दारावर कोणी अनोळखी माणूस आला की मी आधी आत धावत जाई आणि मागचं दार ओढून घेई. आत सासूबाई असत. त्या काही विचारत नसत. दार लागलं की आपोआप बोलणं थांबवत, खोकलाही दाबत. एक म्हातारं माणूस आपल्याच घरात श्वास रोखून बसतं आहे, हे मला तेव्हा दिसत नव्हतं.

गेल्या आठवड्यात वीजमीटर वाचणारा आला. मी पुढचं दार उघडलं आणि त्याला पाणी आणायला आत वळले. मागचं दार सताड उघडं होतं. सासूबाई पलंगावरूनच मोठ्याने त्याला, कुणाचा मुलगा तू, असं विचारत होत्या, "कोना आंडोर शे रे तू? बठ, चहा पिसन जाय!"