रजईतलं गाणं

काल लॉफ्टवरून रजई काढली आणि डांबराच्या गोळ्यांचा वास नाकात शिरला. त्या वासासरशी मी सर्जापूर रोडच्या आमच्या पहिल्या फ्लॅटमध्ये पोचले.

माझ्या बाबांच्या साठीला गाणं पाठवायचं होतं. मी गाणार, माझा नवरा निखिल गिटार वाजवणार. माइक एकच होता आणि रिकाम्या खोलीत आवाज घुमायचा, म्हणून भर दुपारी हीच रजई आम्ही दोघांनी डोक्यावरून घेतली. गुडघ्याला गुडघा लागत होता, पण दोन दिवस आमचा अबोला होता. दिवाळीला पुण्याला माझ्या घरी जायचं की नागपूरला त्याच्या, यावरून.

घामाने मान भिजली, तरी सूर छान लागला. गाणं संपलं. शेवटच्या तारेचा नाद विरेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा नियम त्याचाच. मी श्वास रोखून बसले होते. आणि तोच कानाशी पुटपुटला, "चल, पुण्यालाच जाऊ."

मी रजई भिरकावून हसत सुटले.

संध्याकाळी त्याने रेकॉर्डिंग पाठवलं. लगेच बाबांचा फोन. "गाणं झकास झालंय गं. मग, येताय कधी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, निखिल शेवटचं ते वाक्य कापायला विसरला.

काल रजई उन्हात घालताना सहज विचारलं, "तेव्हा ते शेवटचं कापलं का नाहीस रे?"

"कापणार कसं? तार अजून वाजत होती ना," तो म्हणाला, आणि रजईआड तोंड लपवून हसला.