माउथपीस मी खिशात का ठेवतो

"स्क्रू हलतोय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आत पू झालाय. हा काढावाच लागेल."

सांगलीच्या दवाखान्यात मी खुर्चीत आडवा होतो, तोंड उघडं, डोळ्यांवर दिवा. बोलता येत नव्हतं ते बरंच होतं, कारण मला पहिली आठवण दाताची झालीच नाही. मनात आलं, म्हणजे उरलेली लग्नसराईसुद्धा दत्तूच वाजवणार.

मी इस्लामपूरच्या एका बँड पार्टीत क्लॅरिओनेट वाजवतो. दत्तू माझा धाकटा चुलतभाऊ, पार्टीतला दोन नंबरचा क्लॅरिओनेटवाला. या वाद्याचा माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, वरच्या पुढच्या दातांखाली धरावा लागतो. मेढ्याकडच्या एका लग्नात बँडच्या गाडीतून उतरताना माझा पाय घसरला आणि गेला तो नेमका तोच दात. बाकी इतके दात होते तोंडात, एकाला म्हणून धक्का लागला नाही.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी सांगतो. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा बारीक स्क्रू बसवतात. हाडानं तो घट्ट धरला की त्यावर दात चढवतात. या धरण्याला ऑसिओइंटिग्रेशन म्हणतात. त्याला काही महिने लागतात. "रोप लावलं की ते रोज उपटून बघत नाहीत," डॉक्टरबाईंनी तेव्हाच बजावलं होतं. "टाके निघाले तरी फुंकायचं नाही. मी सांगेन तेव्हाच."

ऑपरेशन दुखलं नाही. सगळी हत्यारं ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेवर जंतू मारणाऱ्या भांड्यातून काढलेली होती, आणि पाकिटं माझ्यासमोर फोडली. तोंडावर हिरवं कापड टाकून फक्त ओठ उघडे ठेवले. एवढा सोवळेपणा मी देवळातही पाहिला नाही.

टाके निघाले. स्क्रूच्या वर हिरडी बरी होईपर्यंत एक छोटी टोपी ठेवली, तिला हीलिंग कॅप म्हणतात. दिसायला बरं म्हणून काढता-घालता येणारा एक नकली दात दिला. मी घरी पेज पीत बसलो आणि बँडच्या मालकांचा निरोप आला, दत्तूच्या क्लॅरिओनेटला सूर राहिला नाही, तुमची द्या. दिली. न देऊन करतो काय?

खरी दुखणी इथून पुढं लागली. माझी बायको शालन एका हळदीला जाऊन आली आणि म्हणाली, "आवं, दत्तूभावजींनी लय ग्वाड वाजवलं." मी पेजेची वाटी खाली ठेवली. माझं वाद्य, मी बसवलेल्या चाली, आणि गोड वाजवलं कोणी, तर दत्तूभावजींनी. रात्री हिरडीपेक्षा तेच जास्त ठणकलं.

मग आमच्याच गल्लीतलं लग्न आलं. मी पाहुण्यासारखा खुर्चीत. दत्तूनं वरातीत एक तान घेतली, ती माझी होती, आणि लोकांनी माना डोलावल्या.  तान संपवून तो क्लॅरिओनेट खुर्चीवर ठेवून पाणी प्यायला गेला. मी नकली दात काढून खिशात टाकला आणि ती उचलली. माउथपीसला लावलेली वेताची पत्ती त्याच्या थुंकीनं ओलीच होती. मी तीच तान वाजवली. त्याच्यापेक्षा चांगली वाजवली, हे मी आजही सांगेन. चार माणसं वळून बघायला लागली. फार बरं वाटलं.

ते चार दिवस टिकलं. मग तोंडाला कडू चव यायला लागली. हिरडी सुजली, दाबली की पिवळं यायचं. शालनला मी सांगितलं, दवाखान्यातच काही तरी घाण राहिली असणार. दत्तूनं मला गाडीवर बसवून सांगलीला आणलं, आणि त्या दिवशी तो दाराशी उभा होता.

एक्स-रे बघून डॉक्टरबाईंनी विचारलं, "काही फुंकलंत का?"

मी मान हलवली, नाही.

"वाजवलं की बाई," दत्तू दारातून म्हणाला. "गल्लीतल्या लग्नात. मी पाणी प्यायला गेलतो. मला आवाज कळत न्हाई व्हय दादाचा?" आणि त्यानं पँटीच्या खिशातून माझा माउथपीस काढून बाईंपुढं धरला. खिशात चुन्याची डबी होती, गाडीची किल्ली होती, त्यांच्यातच तो.

बाईंनी कापसाची काडी माउथपीसच्या आतून फिरवली. काडी काळी निघाली. "हे तुम्ही उघड्या जखमेवर दाबलंत," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर सोसलं असतं.

"ह्यो तर रोज तोंडात घालतोय," मी म्हणालो. "ह्याला काय झालं न्हाई."

"त्यांच्या तोंडात जखम नाही."

म्हणजे तोंडसुद्धा त्याचंच चांगलं.

स्क्रू काढला, आतली घाण खरवडून धुतली, अँटिबायोटिक दिलं आणि हाड भरून यायला वेळ दिला. त्या काळात मी घरातून बँड ऐकायचो. लांबून ऐकताना कळलं, दत्तू तानेच्या शेवटी श्वास फार हळू सोडतो. ते मला कधी जमलं नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, शालनला तर मुळीच नाही.

पुन्हा स्क्रू बसवला. यावेळी हाडानं धरला. वर दात चढला. डॉक्टरबाईंनी स्वतः सांगितल्यावर मी फुंकलं, माउथपीस साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, नवी पत्ती लावून. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्याही तोंडाला कडू चव आली, हिरडी सुजली, स्क्रू हलतोय असं वाटलं, तर वाट बघू नका आणि खोटं बोलू नका.

आणि बघा, यंदा दत्तूचा वरचा दात हलायला लागला. खरं सांगतो, ऐकून मला क्षणभर गार वाटलं. मग मीच त्याला गाडीवर बसवून सांगलीला नेलं. तो दात काढावाच लागला, आता त्याच्या हाडात स्क्रू आहे, वर टोपी आहे आणि फुंकायला बंदी आहे.

परवा वरातीत तो पाहुण्यांत बसला होता. मी तीच तान घेतली, त्याच्यासारखा शेवटचा श्वास हळू सोडून. लोकांनी माना डोलावल्या. दत्तूनं नाही डोलावली. तो माझ्या हातातल्या क्लॅरिओनेटकडं बघत होता, आणि ती नजर मी ओळखली.

तेव्हापासून पाणी प्यायला जाताना मी माउथपीस काढतो, धुतलेल्या रुमालात गुंडाळतो आणि खिशात घालतो.

"दादा, एवढं जळतोस व्हय रं माझ्यावर?" दत्तूनं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. "तुझ्या स्क्रूवर दात चढूदे, मग बघू."